खिशातला कारखाना

सिकंदराबादेत राहणाऱ्या माणसाला हत्यारांची उणीव भासण्याचे वास्तविक काही कारण नाही. लालागुड्याला रेल्वेचा कारखाना १८९३ सालापासून उभा आहे. राणीगंजच्या गल्ल्यांतून चालत गेले तर पाने, पकडी, कानशी, पंप, पट्टे आणि नाना तऱ्हेचे स्क्रू यांची दुकाने दुतर्फा लागतात. परंतु घरातल्या पेटीचा एखादा सूर अडकला, तंबोऱ्याची खुंटी सरकू लागली किंवा देवघराच्या दाराची बिजागरी निखळली, की आपल्या घरांतून एकच शोधाशोध सुरू होते. पेचकस सापडत नाही. सापडला तर त्याची मूठ जागेवर नसते. पक्कड गेल्या दिवाळीत शेजारी गेलेली असते, ती अद्याप परतलेली नसते. अखेर स्वयंपाकघरातली सुरी कामाला जुंपली जाते, तिचे टोक मोडते, आणि त्यानंतर घरात जो संवाद होतो तो वाचकांना सांगावयास नकोच.

या नेहमीच्या संकटावर उतारा म्हणून खिशात मावणारे, पाते, पेचकस, आरी, चिमटा असे सारे एकाच मुठीत घडी होऊन बसणारे हत्यार बाळगणारी काही मंडळी असतात. लोक त्यांना थोडे हसतात. एवढ्याशा खेळण्याने काय होणार, असा त्या हसण्याचा अर्थ असतो. प्रश्न तसा रास्त आहे. सुताराची पेटी सुताराजवळच शोभते, लोहाराची भट्टी खिशात घालून हिंडता येत नाही. तरीदेखील मोठी कामे अशा लहान हत्याराने झालेली आहेत; काही तर या आपल्या गावातच झालेली आहेत. ती कशी झाली, आणि तशी ती कोठवर होऊ शकतात, याचा थोडा विचार करावा असा या लेखाचा हेतू आहे.

कल्पना जुनीच

एका मुठीत अनेक कामे, ही कल्पना आपल्याकडे परकी नव्हे. आपल्या आज्या-पणज्यांच्या वस्तूंत चांदीच्या किंवा पितळेच्या एका कडीत ओवलेला एक छोटासा जुडगा हमखास असे. त्यात दात कोरणे, कान कोरणे आणि काटा काढावयाचा चिमटा अशी तिन्ही हत्यारे एकत्र नांदत. अडकित्त्याचे मुख्य काम सुपारी कातरण्याचे. पण वेळ पडली तर त्याच अडकित्त्याने पाकिटाची दोरी तोडलेली आणि खिळ्याचे डोके धरून तो उपटलेला कोणी पाहिला नाही? चंचीवाल्या माणसाच्या चंचीत पान, कात, चुना यांच्या जोडीला सुईदोराही निघे. घरात शंभर हत्यारे असण्यापेक्षा अंगावर एक असावे, हे त्या पिढीला कोणी शिकवावे लागले नव्हते.

युरोपात या कल्पनेला शिस्तबद्ध रूप मिळाले ते स्वित्झर्लंडात, आणि तेही सैनिकांच्या गरजेतून. इबाख या गावी कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने १८८४ साली चाकूसुऱ्यांचे दुकान थाटले. त्या सुमारास स्विस सैन्याने नवी बंदूक घेतली होती. ती उलगडून साफ करावयाची तर पेचकस पाहिजे; शिधा डब्यातून मिळू लागला होता, तो फोडावयास वेगळे पाते पाहिजे; कातडे आणि लाकूड टोचावयास आरी पाहिजे; आणि चाकू तर पाहिजेच. इतके सारे प्रत्येक शिपायाच्या पाठीवर लादण्यापेक्षा एका मुठीत बसवावे, असे ठरले. पहिले चाकू जर्मनीतून आले. १८९१ पासून एल्सनरही ते पुरवू लागला. शिपायाचा तो चाकू दणकट पण जड होता. एल्सनरने पुढे हलका, सुबक असा अधिकाऱ्यांचा चाकू तयार केला आणि १२ जून १८९७ रोजी त्याची कायदेशीर नोंद झाली. त्यातली खरी खुबी पात्यांच्या संख्येत नव्हती. मुठीच्या दोन्ही अंगांची पाती एकाच स्प्रिंगवर उघडावी व मिटावी, अशी योजना त्याने केली. त्यामुळे जाडी न वाढवता हत्यारे दुप्पट झाली. थोड्या जागेत पुष्कळ बसविण्याची ही कला ज्याला साधते तोच खरा कारागीर.

या चाकूत एक उणीव मात्र राहिली होती. पकडावयाचे, पिळावयाचे, तार ओढावयाचे काम आले की चाकू हतबल होतो. अमेरिकेतील ओरेगनचा टिम लेदरमन हा यंत्रशास्त्र शिकलेला तरुण १९७५ साली एक जुनी स्वस्त फियाट घेऊन पत्नीसह युरोप आणि पश्चिम आशियाचा प्रवास करीत होता. गाडी वाटेत वरचेवर बिघडे, मुक्कामाच्या स्वस्त खोल्यांतले नळ गळत, आणि खिशातल्या चाकूने दर वेळी काम अर्ध्यावर थांबे. या चाकूत पक्कड असती तर, हा विचार घेऊन तो घरी परतला. १९८० साली त्याला पेटंट मिळाले, पण कारखानदार काही त्याचे हत्यार घेईनात. पहिली मोठी मागणी आली ती १९८३ साली. पक्कड मध्यभागी ठेवून तिच्या दोन्ही दांड्यांत पाती, पेचकस आणि कानस घडी करून ठेवण्याची जी पद्धत आज जगभर दिसते, ती अशी त्या गळक्या नळांतून निघाली.

बेगमपेठेतला ऑगस्ट

एल्सनरच्या चाकूची नोंद झाली त्याच १८९७ साली, अवघ्या दहा आठवड्यांनी, आपल्या सिकंदराबादेच्या कुशीतल्या बेगमपेठेत जे घडले ते लहान साधनांच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावे असे आहे. मेजर रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर दोन वर्षे डासांच्या मागे लागला होता. हिवताप डासांतून पसरतो असा त्याचा कयास. पण कयासाला पुरावा पाहिजे. त्याच्याजवळ प्रयोगशाळा म्हणण्याजोगे काही नव्हते. एक सूक्ष्मदर्शक होता. त्याचे स्क्रू हातांच्या आणि कपाळाच्या घामाने गंजले होते, आणि राहिलेली एकुलती एक डोळ्याची भिंग तडकलेली होती. डास चिरावयाची ती सुई. त्यात कोंदट उकाडा. पण पंखा हलविण्याची सोय नाही, कारण वाऱ्याने चिरलेला डास उडून जाई.

हुसेन खाँ नावाच्या रुग्णाला डास चावू देण्याबद्दल दर डासामागे एक आणा मिळे. ठिपकेदार पंखांच्या ज्या डासांनी त्याचे रक्त प्याले होते, त्यांतील एक डास २० ऑगस्ट १८९७ रोजी रॉसने चिरला आणि त्याच्या जठराच्या भिंतीत त्याला हिवतापाच्या जंतूंच्या रंगद्रव्याने भरलेल्या पेशी दिसल्या. पुढचे काम त्याने १८९८ साली कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापावर पुरे केले. माणसाच्या हिवतापाची साखळी त्याच वर्षी इटलीतील संशोधकांनी जुळविली. रॉसला १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २० ऑगस्ट हा दिवस जगात डासदिन म्हणून पाळला जातो. बेगमपेठेतील ती वास्तू आजही रॉसच्या नावाने ओळखली जाते. हा गृहस्थ कविता करीत असे आणि संगीताचाही त्याला नाद होता, हे आम्हा संगीतवाल्यांना मुद्दाम सांगावेसे वाटते.

रॉसची गोष्ट येथे सांगण्याचे कारण इतकेच की, काम मोठे की लहान हे हत्याराच्या लांबीरुंदीवरून ठरत नाही. त्याची साधने टेबलाच्या एका कोपऱ्यात मावण्याइतकी आणि तीही मोडकी. पण काय शोधावयाचे ते त्याला ठाऊक होते, कोठे पाहावयाचे ते दोन वर्षांच्या फसलेल्या चिरफाडीने त्याच्या बोटांना शिकविले होते, आणि योग्य क्षणी साधन हाताशी होते. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे तडकलेली भिंगदेखील पुरते. यांतली पहिली दोन नसली तर राणीगंजचा अख्खा बाजार घरी आणूनही भागत नाही.

तिसऱ्या गोष्टीचे, म्हणजे हाताशी असण्याचे, महत्त्व अंतराळापर्यंत गेलेले आहे. नोव्हेंबर १९९५ मध्ये अटलांटिस हे अमेरिकन यान रशियाच्या मीर स्थानकाला जोडले गेले. जोडणीच्या दालनाचे दार जमिनीवरच्या तंत्रज्ञांनी इतके कसून बांधून-चिकटवून ठेवले होते की, ते उघडेना. कोट्यवधी डॉलरांचे यान एका बाजूस, तितक्याच मोलाचे स्थानक दुसऱ्या बाजूस, आणि मध्ये एक दार! कॅनडाचा अंतराळवीर क्रिस हॅडफील्ड याने आपला स्विस चाकू काढला आणि बंधने कापून वाट मोकळी केली. अशा वेळी उत्तम हत्यार कोणते, या प्रश्नाला एकच उत्तर आहे: जे जवळ आहे ते.

पेटीच्या पोटात

आता अंतराळातून घरी येऊ. आपल्या जुन्या मराठी घरांत, मग ते सुलतानबाजाराकडचे असो की सिकंदराबादचे, माळ्यावर किंवा कपाटामागे एखादी पेटी, एखादा तंबोरा, एखादी सतार हमखास निघते. आजोबा भजनाला बसत त्या वेळची पेटी. आत्या गाणे शिकत होती तेव्हाचा तंबोरा. त्या वाद्यांचा आवाज का बंद झाला असे विचारले तर उत्तर बहुधा एकच येते: बिघडले, दुरुस्त करणारा मिळेना, राहून गेले. माझा व्यवसाय संगीत शिकविण्याचा असल्यामुळे अशी कितीतरी वाद्ये मला पाहावयास मिळतात. पाहून वाटते ते असे की, त्यांतल्या निम्म्यांहून अधिक वाद्यांना झालेला रोग किरकोळ होता. वेळीच कोणी अर्धा तास दिला असता तर ती आजही बोलत असती. लहान बिघाडाकडे दुर्लक्ष झाले, वाद्य वाजेनासे झाले, वाजत नाही म्हणून ते माळ्यावर गेले, आणि माळ्यावरच्या दमटपणाने, उंदरांनी व वाळवीने खरा मोठा बिघाड केला.

पेटीचेच उदाहरण घ्या. तिचे यंत्र बाहेरून गूढ वाटते, पण आत मोजक्याच गोष्टी असतात: वारा भरणारा भाता, बोटाखालची पट्टी, पट्टीच्या हालचालीने उघडणारी झाकणी, झाकणी पुन्हा बसविणारी स्प्रिंग, आणि वाऱ्याने थरथरणारी पितळेची जीभ, जिला आपण सूर म्हणतो. म्हणून बिघाडही मोजकेच. पट्टी दाबूनही सूर निघत नसेल तर बहुधा जिभेखाली धुळीचा कण अडकला आहे. पट्टी न दाबता सूर आपोआप रेंगाळत असेल तर झाकणी नीट बसत नाही. स्प्रिंग सुटली आहे किंवा झाकणीखालच्या कातड्यावर कचरा आहे. सगळेच सूर मलूल झाले असतील तर दोष सुरांचा नसून भात्याचा. कोठेतरी वारा निसटतो आहे. पेटी अंधाऱ्या खोलीत नेऊन आत लहानसा दिवा ठेवला आणि भाता पसरला, तर घडीतले भोक आपणहून उजळून दिसते.

आता या कामांना लागते काय? पेचकसाचे एक पाते, चिमटा, एक पातळ पाते आणि थोडे पातळ कातडे. जिभेखाली कागदाची पट्टी अलगद सरकवून कण बाहेर काढावा. चाकूचे पाते तेथे घुसवू नये. कातड्यावरचा कचरा चिमट्याने टिपावा. भात्याच्या भोकाला जुन्या हातमोज्याच्या किंवा पाकिटाच्या अस्तराचे पातळ कातडे बेताने कापून सरसाने लावावे. ठिगळ जाड झाले तर भाता घडी होत नाही, हे ध्यानात असावे. झाले! ज्या पेटीसाठी घरात महिनाभर खल चालला होता ती तासाभरात गाऊ लागते.

एक बारकावा सांगणे अवश्य आहे. जुन्या पेट्यांचे स्क्रू पितळेचे आणि आडव्या खाचेचे असतात. पितळ मऊ. पेचकसाचे टोक खाचेपेक्षा अरुंद असले आणि जोर केला तर खाच झिजून गुळगुळीत होते; मग तो स्क्रू काढावयास खरोखरच कारागीर लागतो. म्हणून टोक खाचेत पुरते बसते की नाही ते आधी पाहावे, वरून दाबून धरावे, आणि पहिली हालचाल उलटी न करता किंचित आवळण्याच्या दिशेने द्यावी. वर्षानुवर्षांचा गंज त्या हिसक्याने सुटतो, मग स्क्रू शहाण्यासारखा बाहेर येतो. खिशातल्या हत्याराला लांब मूठ नसते, त्यामुळे जोर कमी मिळतो, ही त्याची उणीव म्हणतात. मला तो पुष्कळदा गुण वाटतो. जोर कमी असला की माणूस आधी विचार करतो.

तसेच सुराच्या उंचीचे. जीभ टोकाजवळ किंचित खरवडली तर सूर चढतो, मुळाजवळ खरवडली तर उतरतो. हे तत्त्व सोपे आहे आणि छोटी कानस खिशातल्या पुष्कळ हत्यारांत असते, म्हणून मोह होतो. पण खरवडलेले पितळ परत चिकटवता येत नाही. ज्याला दोन सुरांतले कंपन कानाने मोजता येत नाही त्याने कानस मिटूनच ठेवावी.

मिरजेची वाट

येथे आपण मर्यादेच्या प्रश्नाशी येतो, आणि त्यासाठी मिरजेला जावे लागते. मिरजेची तंतुवाद्ये आज जगभर जातात. तेथील सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ही वाद्ये घडविणारी घराणी मुळातली शिकलगारांची, म्हणजे तलवारी, भाले, सुऱ्या यांना धार लावणारांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, इंग्रजी अमलात शस्त्रांचे काम आटले तेव्हा फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या कुटुंबीयांनी वाद्यांच्या दुरुस्तीला व पुढे घडणीला हात घातला. पटवर्धन संस्थानिकांच्या मिरजेत गाण्याबजावण्याला आश्रय होता, गवयांची ये-जा होती, पंढरपूर भागातला भोपळा मिळत होता. तलवारीच्या पात्याचा बाक नजरेने ओळखणारा हात घोडीचा बाक ओळखू लागला. ही मला या विषयातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. हत्यारे बदलली, गिऱ्हाईक बदलले, पण धातू आणि हाड यांना किती घासावे आणि कोठे थांबावे, हे ज्ञान त्या बोटांत तसेच राहिले.

तंबोऱ्याची घोडी म्हणजे तारांखालची ती हाडाची किंवा लाकडाची रुंद बैठक. तिचा माथा सपाट दिसतो, पण तसा नसतो. त्याला अत्यंत मंद उतार असतो आणि तार त्या उतारावर घासत, सुटत थरथरते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा योग्य जागी सरकविला की तो भरलेला, मधमाश्यांच्या गुंजारवासारखा नाद फुटतो. हीच जवारी. डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर १९२१ साली जो निबंध प्रसिद्ध केला त्यात याच घोडीचे रहस्य उलगडले आहे. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूमुळे काही उपस्वर मुके राहावयास हवेत, असा युरोपीय शास्त्राचा नियम. पण तंबोऱ्यात तेही ऐकू येतात, आणि त्याचे कारण त्या मंद उतारावर तारेचा होणारा स्पर्श. केसभर अधिक घासले तर तार कर्कश झणझणते, केसभर कमी तर ती मुकी राहते.

काही वर्षांपूर्वी आपल्याच गावातील एका जुन्या घरी मला असा एक तंबोरा दाखविण्यात आला. सासऱ्यांनी मिरजेहून आणविलेला. घरातल्या काकू त्यावर तरुणपणी शिकल्या होत्या. वीस-पंचवीस वर्षे तो गवसणीत होता. मुलाने नवे घर सजवावयास घेतले होते, आणि तंबोऱ्याच्या दांडीत विजेची तार घालून त्याचा दिवाणखान्यातला उभा दिवा करावा, असे सजावटकाराने सुचविले होते. काकू काही बोलल्या नव्हत्या. एवढेच म्हणाल्या, "मास्तर, दिवा करायच्या आधी एकदा बघून घ्या. गेलाच असेल तर माझी ना नाही."

मजजवळ खिशातले हत्यार होते. दुसरे काही नव्हते. व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलो. तारांचा ताण असल्या खुंट्यांवर आधी उतरवून घेतला. दोन खुंट्या लाकूड फुगून जाम झाल्या होत्या. त्या पकडीने न पिळता, पकडीच्या तोंडाभोवती रुमाल गुंडाळून हळूहळू हलवीत बाहेर काढल्या. त्यांना कोरडा साबण लावला. एक सरकत होती, तिला खडू चोळला. एक तार तुटलेली होती; नवी तार घरातल्या जुन्या डबीत निघाली. ती ओवण्याचे भोक काजळीने बुजले होते, ते आरीच्या टोकाने मोकळे केले. एक मणी हरवला होता. नातीने आपल्या माळेतला काचेचा मणी काढून दिला. घोडी जागेवरून चांगली बोटभर सरकली होती. पण तबलीच्या रोगणावर तिच्या मूळ बैठकीची फिकट खूण दिसत होती, त्या खुणेवर ती परत बसविली. पाऊण तासात चारही तारा चढल्या. तंबोरा लागला.

पण बोलला नाही. सूर होते, नाद नव्हता. घोडीवर तारांच्या खाली बारीक खाचा पडल्या होत्या; जवारी गेली होती. काकूंच्या ध्यानात ते माझ्याही आधी आले. त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या चाकूला कानस आहे ना? घासा की थोडं."

कानस होती. घासता आले असते. पण तो हात माझा नव्हे, मिरजेचा. मी हत्यार मिटून खिशात टाकले आणि सांगितले, "काकू, इथपर्यंतचं काम खिशातलं होतं. पुढचं कारागिराचं. तंबोरा मात्र जिवंत आहे." मुलगा इतका वेळ दाराशी उभा राहून पाहत होता. त्यानेच दुसऱ्या दिवशी मिरजेस चौकशी केली. दीड महिन्याने तंबोरा परत आला. उभा दिवा बाजारातून विकत आणण्यात आला, आणि मणी देणारी नात आता त्या तंबोऱ्यावर सा लावते.

त्या पाऊण तासात मी केलेले काम कोणाही हौशी माणसाला जमण्यासारखे होते. पण ते झाले नसते तर मिरजेच्या कारागिरापर्यंत तो तंबोरा पोचलाच नसता. दांडीला भोक पाडणारा आधी आला असता. खिशातल्या हत्याराचे मोठेपण मला येथे दिसते. ते कारागिराची जागा घेत नाही. वस्तू अजून जिवंत आहे हे ते घरच्यांना पटवून देते, आणि कारागिराच्या दारापर्यंत ती पोचविते.

हत्यार घेणारासाठी

ज्यांना असे एखादे हत्यार घ्यावेसे वाटेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. पात्यांची संख्या पाहून भुलू नये. तीस हत्यारांचा गठ्ठा खिशात मावत नाही, मग तो घरी राहतो आणि त्याचा मूळ हेतूच संपतो. पक्कड, दोन जाडीचे आडवे पेचकस, एक चार पाकळ्यांचा पेचकस, आरी, चिमटा, लहान कानस आणि एक चांगले पाते, इतके असले की वाद्यांची व घरातली बहुतेक कामे निभतात. उघडलेले पाते जागेवर अडकून राहते की नाही ते पाहावे. न अडकणाऱ्या पात्याने टोचण्याचे काम करू नये, ते बोटावर मिटते. विजेच्या वस्तूला प्रवाह बंद केल्यावाचून हात लावू नये. मुठीला लोखंड असते हे विसरू नये. विमानाने जावयाचे असेल तर हत्यार सोबतच्या पिशवीत चालत नाही, ते आधीच जमा करावयाच्या सामानात ठेवावे. महिन्यातून एकदा सांध्यांना तेलाचा थेंब द्यावा. आणि मुलांना ते दाखवावे, लपवू नये. सातआठ वर्षांच्या मुलाला वडीलधाऱ्याच्या देखत एक स्क्रू काढू द्यावा व परत बसवू द्यावा. वस्तूला आत असते, आणि आतले समजण्यासारखे असते, हे ज्ञान त्या एका स्क्रूने मिळते.

आपल्या मराठी घरांनी या संस्थानात पिढ्यान्‌पिढ्या पुष्कळ काही टिकविले: भाषा टिकविली, ग्रंथालये टिकविली, शाळा टिकविल्या. वाद्ये मात्र हळूहळू हातची जात आहेत. तंबोऱ्याचे काम यंत्राने आणि आता मोबाइलने सोपे केले आहे, आणि त्यात वाईट काही नाही. शिकणाऱ्याला ते सोयीचेच आहे. पण माळ्यावर जो तंबोरा आहे तो केवळ स्वर देणारे साधन नाही. त्याच्या दांडीवर आपल्या घरातल्या कोणाच्या तरी बोटांची झीज आहे. त्याला दिव्याचा खांब करण्यापूर्वी, पेटीला भंगारवाल्याकडे देण्यापूर्वी, एक मोकळी दुपार त्यांना द्यावी.

आणि ती दुपार देताना एवढे करावे. जमिनीवर पांढरे धोतर किंवा चादर अंथरावी, म्हणजे पडलेला स्क्रू हरवत नाही. एक मोठा कागद घेऊन त्यावर पेटीची आकृती काढावी, आणि जो स्क्रू जेथून निघेल तो कागदावर त्याच जागी ठेवावा. जे समजेल ते करावे. जे समजणार नाही तेथे थांबावे, सारे स्क्रू उलट्या क्रमाने परत बसवावेत, झाकण लावावे, आणि कारागिराचा पत्ता शोधावा. वाद्य तोवर माळ्यावर परत टाकू नये; बैठकीत, डोळ्यांसमोर ठेवावे.